हमिंग कुणाला ऐकू येतंय

नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. त्यामुळे वार्षिक कार्यक्रमाचा मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर हे सगळं नीट आहे ना, हे बघायचं कामही दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. त्या वर्षी साउंडवाला नवीन होता. साठी ओलांडलेला, पांढरी दाढी, चष्मा कपाळावर चढवलेला. बाकीचे साउंडवाले माइक हातात घेऊन ‘हॅलो हॅलो, चेक’ करत सगळं मैदान डोक्यावर घेतात. हा माणूस एक शब्द बोलला नाही. त्यानं कुठलं तरी पियानोचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मैदानाच्या कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन ऐकत उभा राहिला.

पियानोच्या मागं कुणीतरी अंगण झाडल्यासारखा आवाज काढत होतं. त्याच्याही खालून एक जाड तार बोटानं ओढल्यासारखी चालली होती. मधेच ग्लास किणकिणले आणि एक बाई हसली. मला वाटलं, आमच्या कँटीनमधूनच आवाज आला. मी वळून बघितलं तर कँटीनला कुलूप होतं.

“चाचा, हे काय लावलंय?” मी विचारलं.

“जॅझ हाय म्याडम. पियानो, बास आन् ड्रम, तीनच मान्सं. लाइव्ह हाय, हाटेलात लोकांम्होरं वाजवल्यालं.” मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. “ती बाई हसली ना आत्ता, ती कुठं बसलीया सांगा बरं?”

मी काही विचार न करता उजवीकडं, जनरेटरच्या दिशेला बोट केलं.

“बासवाल्याच्या मागं,” चाचा खूश होऊन म्हणाले. “रविवारी घरी या तुमी. आमच्याकडं ऐकनारी मान्सं कमी हायत.”

माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. आई त्याला भोचक म्हणायची. मी रविवारी गेले, आणि पुढं जातच राहिले.

चाचांचं घर भिंगारच्या रस्त्याला आहे. खाली गोदाम, त्यात स्पीकरची खोकी आणि मांडवाचे बांबू. वर एक लांबट खोली. त्या खोलीत त्यांनी स्वतः बनवलेले दोन उंच स्पीकर, एक अँप्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि भिंतीला टेकवलेल्या रेकॉर्ड. लष्कराच्या छावणीतल्या मेसमध्ये पार्ट्या असल्या की माइक लावायला चाचा जायचे. तिथल्या एका अधिकाऱ्यानं बदली होऊन जाताना जॅझच्या रेकॉर्डची पेटी त्यांच्या हवाली केली होती. मोठमोठ्या लोकांना सोडून ती आपल्यालाच का दिली, तर आपले कान बघून दिली, असं चाचांचं म्हणणं. स्वतःबद्दल ते फारसं बोलत नसत, पण हे मात्र ओळख झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात सांगून टाकत.

तिसरे सर. ते संगमनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. रविवारी सकाळची एसटी पकडून यायचे, पाठीवर बॅग, बॅगेत भारीतले हेडफोन आणि मोबाईलभर गाणी. चाचांचं आणि त्यांचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं, आणि म्हणूनच बहुतेक ते इतक्या लांबून यायचे.

वाद असायचा तो नेहमी लाइव्ह रेकॉर्डिंगवरून. सरांचं म्हणणं असं, की वाजवणारे कितीही मोठे असले तरी हॉटेलातलं रेकॉर्डिंग म्हणजे तडजोड. लोक खोकतात, ताटल्या आपटतात, पियानो शेजारच्या घरातून आल्यासारखा लांबचा वाटतो. त्यापेक्षा आता कॉम्प्युटरवर स्वच्छ करून काढलेली आवृत्ती मिळते, ती ऐकावी. त्यात बासची तार न् तार मोजता येते.

“मंग घरीच बसून वाजवायचं की,” चाचा म्हणायचे. “पब्लिकला कशाला बोलवायचं?”

“पब्लिक हवंच. पण ते माइकमध्ये कशाला?”

“सर, पब्लिक उठवून टाकलं की खोली जाती. खोली गेली की ही तिघं हवेत वाजवत्यात. तुमाला बासची तार मोजायची का गानं ऐकायचं?”

सर मग हेडफोन काढून चाचांच्या डोक्यावर चढवायचे. चाचा मिनिटभर ऐकून ते परत द्यायचे आणि म्हणायचे, “लई धुतलंय.” सरांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आतून चाची चहा घेऊन आल्या की दोघं त्यांनाच पंच नेमायचे. चाची म्हणायच्या, “मला दोन्हीकडं टिनटिनच ऐकू येतंय बाबा,” आणि कप ठेवून निघून जायच्या.

मला या वादाची गंमत वेगळ्याच कारणासाठी वाटायची. आम्हा तिघांपैकी एकानंही असलं हॉटेल आतून पाहिलेलं नव्हतं. माणसाच्या उंचीचा तो बासही आम्ही फक्त फोटोत बघितलेला. तरी आम्ही तासन् तास भांडायचो, की ड्रम भिंतीला टेकून आहेत की खिडकीजवळ, पियानोचं झाकण पूर्ण उघडलंय की अर्धं. चाचांना ते खरंच कळायचं. आयुष्यभर त्यांनी लग्नात, उरुसात, गणपतीत माइक मांडलेले. एका रेकॉर्डमध्ये पियानो फार मागं होता, तेव्हा ते म्हणाले, “कव्वालीला पेटीचा माइक चुकून ढोलकीजवळ राहिला की आसंच हुतं. इथं बी पियानोचा माइक बासवाल्याकडं तोंड करून असनार.” सरांनी मोबाईलवर शोधून शोधून त्या रेकॉर्डिंगची कुणीतरी लिहिलेली हकिगत काढली. तसंच झालं होतं. सरांनी पुढचा अर्धा तास हेडफोन कानावरून काढले नाहीत.

थंडी सरत आलेली. एका रविवारी मी जिना चढून वर गेले तर चाचा अँप्लिफायरच्या मागं डोकं घालून बसलेले. सर्दीनं नाक लाल झालेलं.

“हमिंग येतंय,” ते म्हणाले.

अर्थिंगमध्ये कुठं गडबड असली की स्पीकरमधून बारीक घूं येत राहते, तिला साउंडवाले हमिंग म्हणतात. भातात खडा लागला की जेवणारा दचकतो, तसे हे लोक त्यानं दचकतात. मी कान दिला. मला काही ऐकू आलं नाही.

सरांनी डोळे मिटले, मान थोडी तिरकी केली. “आहे,” ते म्हणाले. “बारीक आहे, पण आहे.”

“उजवीकडनं.”

“हो, उजवीकडूनच.”

मी उजव्या स्पीकरला अक्षरशः कान लावला. काही नाही. चाचांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. “म्याडम, तुमचं कान प्रेसच्या आवाजानं गेल्यालं दिसत्यात.”

मला हे लागलं. आमच्या प्रेस शॉपमध्ये, जिथं दिवसभर पत्रे ठोकले जातात, कानात बोळे घालायचा नियम आहे, आणि तो नियम इतरांना शिकवणारी मी स्वतः घाईत तशीच आत जाते. म्हणजे बरोबरच असेल, असं मनात आलं.

मग हमिंगच्या मागं लागणं सुरू झालं. चाचांनी सगळ्या वायरी बदलल्या. घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा टाकून वर पाणी ओतलं, शेजारणीला वाटलं काहीतरी करणी चाललीय. पुढच्या रविवारी चाचांनीच शोध लावला, की अँप्लिफायर बंद केला तरी ते येतं. म्हणजे दोष अँप्लिफायरचा नाही, कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरचा. इन्व्हर्टर उचलून गोदामात गेला. तरी ते येतच होतं. मग रस्त्यावरची विजेची डीपी. चाचांनी त्या बाजूच्या खिडकीला आतून गादी लावली. प्रत्येक वेळी ते विचारायचे, “आता?” सर डोळे मिटून म्हणायचे, “कमी झालंय, पण गेलं नाही.” चाचा मान डोलवायचे. मी वायरी धरून द्यायचे.

त्यातच नवीन तक्रार निघाली. उजवा स्पीकर दबलाय. ड्रमवरची ती झाडूसारखी सरसर येतच नाही, सगळं डावीकडं सरकलंय. सर म्हणाले, उजव्याचा ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, गेला. इथं मात्र माझ्यातली क्वालिटीवाली जागी झाली. मी म्हटलं, “वायरींची अदलाबदल करा. दोष वायरीबरोबर गेला तर तो मागं कुठंतरी आहे. नाही गेला तर स्पीकरमध्ये.” अदलाबदल केली. चाचा म्हणाले, अजून उजवाच दबलेला. मग दोघांनी ते जडच्या जड स्पीकरच उचलून इकडचे तिकडं केले. तरीही उजवीकडचाच दबलेला.

कारखान्यात आम्ही अशा वेळी एकच विचारतो, काय बदललेलं नाही? ज्याला हात लावलेला नाही त्यात दोष. चाचांनी लगेच उत्तर काढलं, की खोली बदललेली नाही. उजव्या कोपऱ्यात आवाज मुरतोय. त्यांनी तिथल्या सतरंज्या हलवल्या, एक फळी ठोकली. मी बसून राहिले. खोलीशिवाय न बदललेले आम्ही तिघं होतो, आणि ज्याला हमिंग ऐकू येत नव्हतं असं माणूस तिघांत एकच होतं.

म्हणून मी कानाच्या डॉक्टरांकडं गेले.

त्यांच्याकडं तपासणीची एक छोटी काचेची खोली होती. आत बसवून हेडफोन घातले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आत इतकी शांतता होती, की मला स्वतःचा आवंढा गिळलेला ऐकू येत होता. बाहेर तपासणारी मुलगी यंत्रावर बसलेली. आवाज कमी कमी होत मुंगीएवढा व्हायचा, मी दाबायचे. परीक्षेला बसल्यासारखा घाम आला होता मला.

“कान उत्तम आहेत तुमचे,” ती म्हणाली. “शंका कशामुळं आली?”

मी सगळं सांगितलं. हमिंग, मीठ-कोळसा, इन्व्हर्टर, सगळं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

“त्या दोघांना एकच आवाज येतो का? वेगवेगळं विचारलंत कधी?”

“नाही.”

“आणि ज्यांना आधी आला, त्यांना एकाच बाजूनं येतो? त्याच बाजूचं ऐकणंही दबलंय?” तिनं पेन खाली ठेवलं. “त्यांना लवकर आणा. कानाची नस अशी अचानक जाते कधी कधी. सुरुवातीला औषध मिळालं तर परत येण्याची आशा असते. त्यात उशीर चालत नाही.”

मी तिथूनच, जिन्यात उभी राहून, चाचांना फोन केला. चाचा मोठ्यानं हसले. “म्याडम, तुमचं कान चांगलं निघालं, लई आनंद झाला. पन माझ्या कानाचं नाव काढू नगा. साऱ्या नगरला इचारा.” आणि त्यांनी फोन ठेवला.

सरांना लावला. “सर, ते हमिंग नेमकं कसं येतं? जरा तोंडानं काढून दाखवा.”

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, “तसं सांगता यायचं नाही. ते जाणवतं.”

“जाणवतं की ऐकू येतं?”

“तुम्ही ना, फार कीस काढता,” सर म्हणाले. त्यांना एसटी गाठायची होती म्हणे. तो गुरुवार होता.

शेवटी चाचींना फोन केला. त्या आधी हो हो करत होत्या, मग एकदम थांबल्या. “अगं, मी उजवीकडनं हाक मारली तर हे ओ देत न्हाईत. मला वाटलं, रुसल्यात. मी बी दोन दिवस बोलले न्हाई.” त्यांचा आवाज बारीक झाला. “टीव्ही बी मोठा करत्यात. मी म्हनलं, वय झालं.”

चाचींनी त्या रात्री दवाखान्याचा विषय काढला आणि घरात भांडण झालं. ज्या माणसानं आयुष्यभर कानावर भाकरी खाल्ली, त्याला कान दाखवायला चल म्हणणं सोपं नव्हतं. पण एक गोष्ट मला कळली होती. डॉक्टरकडं चला म्हटलं तर चाचा येणार नाहीत, हमिंग शोधायला मात्र ते कुठंही येतील. आणि त्यांनीच तशी वाट करून दिली. त्यांच्या डोक्यात निघालं, की शहरातली सगळी वीजच घाण झालीय. तारांपासून लांब, माळावर जायचं. टेम्पोच्या बॅटऱ्यांवर सगळं चालवायचं. तिथं हमिंग आलं तर दाढी काढीन म्हणाले.

मी लगेच हो म्हटलं. चाचींना म्हटलं, तुम्हीही चला.

रविवारी सकाळी आम्ही सुप्याच्या दिशेनं निघालो. टेम्पोत दोन स्पीकर, अँप्लिफायर, गादीत गुंडाळलेला रेकॉर्ड प्लेअर, चार बॅटऱ्या आणि चाचींचा डबा. टेम्पो चाचाच चालवत होते. मागं मी आणि सर एकमेकांकडं न बघता बसलेलो. मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर एक उघडा माळ लागला. वाळलेलं गवत, लांबवर मेंढरं, आणि डोंगराच्या कडेला पवनचक्क्या. वारा नव्हता. एकही चक्की फिरत नव्हती.

मांडणी करताना चाचा खुशीत होते. स्पीकर दगडांवर ठेवले, बॅटऱ्या जोडल्या, चाचींना सावलीला बसवलं. मग रेकॉर्ड लावली, तीच, बाई हसते ती. मी असं काही आधी कधी ऐकलं नव्हतं. माळाला भिंती नाहीत, त्यामुळं त्या हॉटेलची खोली तिथंच गवतात उभी राहिली. ग्लास कुसळांत किणकिणत होते. एक मेंढपाळ येऊन काठीवर हनुवटी ठेवून थांबला, थोडं ऐकून निघून गेला.

आणि चाचांचा चेहरा उतरत गेला.

“येतंय,” ते म्हणाले.

त्यांनी अँप्लिफायर बंद केला. बॅटरीच्या वायरी काढल्या. आता त्या माळावर कशाचाच आवाज नव्हता. चाचा सगळीकडं बघायला लागले, वर, मागं, तारा दिसतात का म्हणून. मग त्यांनी डोंगराकडं बोट केलं. “त्या चक्क्या. चक्क्यांचं हाय ते.”

“चाचा, चक्क्या बंद आहेत,” मी म्हटलं.

त्यांनी सरांकडं बघितलं. “सर, येतंय ना? सांगा तुमी म्याडमला.”

सरांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना, म्हणून नुसताच हातात धरला. “मला काही ऐकू येत नाहीये,” ते म्हणाले. “खरं सांगू का, मला ते कधीच आलं नाही.”

“मंग इतकं दिवस?”

“तुम्हाला येतं म्हणालात. तुम्हाला येतं आणि मला येत नाही, हे कसं म्हणू?”

मला सरांचा इतका राग आला, की तिथला दगड उचलून त्या हेडफोनवर घालावा असं वाटलं. पण राग काढत बसायला वेळ नव्हता. मी अँप्लिफायर पुन्हा जोडायला लावला. रेकॉर्ड सुरू झाली. मी चाचांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “चाचा, एकदाच करा. डाव्या कानात बोट घाला.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग चाचींकडं. चाची उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी बोट घातलं.

रेकॉर्डमधले तिघंजण आमच्यासमोर जोरात वाजवत होते. चाचांनी बोट काढलं, परत घातलं, परत काढलं. नवी वायर तपासताना ते करतात तसं, पुन्हा पुन्हा. मग ते स्पीकरच्या बाजूच्या दगडावर बसले.

“गानं जातंय,” ते म्हणाले. “हमिंग ऱ्हातंय.”

चाची त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. डब्यातला पुलाव तसाच परत आला. येताना टेम्पो सरांनी चालवला, फार वाईट चालवला, पण चाचा त्यांना एका शब्दानं बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दारात होतो. पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण ते आठवायला मला आवडत नाही. त्या काचेच्या खोलीत चाचा बटण धरून बसलेले आणि बाहेर यंत्रावर आवाज मोठा मोठा होत चाललेला. चाचांचं बोट हलत नव्हतं. मी काचेतून बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, दाबा ना. गोळ्या झाल्या, कानाच्या आत इंजेक्शनं झाली. डॉक्टर भला माणूस होता. उशीर झाला हे त्यानं एकदाच सांगितलं, पुन्हा उगाळलं नाही. उजव्या कानात थोडं परत आलं. भिंतीपलीकडून दार वाजवल्यासारखा जाड आवाज तेवढा यायचा. बारीक काहीच नाही.

“आन् हमिंग?” चाचांनी विचारलं.

“ते राहील,” डॉक्टर म्हणाले. “हळूहळू सवय होईल.”

रेकॉर्डमधल्या पियानोचा माइक कुणाकडं तोंड करून आहे हे सांगणाऱ्या माणसाला आता रस्त्यावर मागून हॉर्न आला तर तो कुठल्या बाजूनं आला हे कळेना. चाचींनी टेम्पोची किल्ली लपवली. ती दोघं बाजाराला निघाली की चाची त्यांच्या उजव्या बाजूनं चालायच्या आणि चाचा चिडायचे, “मी काय आंधळा हाय का?” माइकची कामं त्यांनी पुतण्याकडं दिली. रविवार बंद झाले. सरांचा मला अधूनमधून फोन यायचा, जॅझबद्दल काही नाही, नुसतं चाचा कसे आहेत म्हणून. चाचांना ते स्वतः फोन करायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “काय बोलू? मी एवढंच बोललो असतो तेव्हा, तर.” मग मी माझा उरलेला राग सोडून दिला. म्हातारा माणूस रोज स्वतःवरच चिडून बसला होता, त्यात माझी भर कशाला?

मला सारखा एक प्रश्न पडायचा, आणि तो विचारायची हिंमत व्हायची नाही. चाचांना आता रेकॉर्ड कशी ऐकू येत असेल? सगळी माणसं एकाच खुर्चीत बसल्यासारखी? मी घरी एका कानात कापूस घालून ऐकून बघितलं. पण कापूस काढता येतो हे मला ठाऊक होतं, त्यामुळे त्यातून काही कळलं नाही.

उन्हाळा संपता संपता चाचींचा फोन आला. “या रविवारी या दोघं. त्यांनीच सांगितलंय.”

सर आले. हेडफोन आणले नव्हते. खिडकीची गादी काढून टाकलेली, इन्व्हर्टर जागेवर परत आलेला. चाचा प्लेअरपाशी बसले होते. बारीक झाले होते, पण दाढी नीट केलेली. आम्ही बसल्यावर त्यांनी मला डावीकडं सरकायला सांगितलं. “हितं बसा म्याडम, म्हंजी तुमचं बोलनं कळतंय.” सरांनाही तिकडंच बसवलं. स्पीकरसमोरची नेमकी मधली जागा, जिच्यावरून आमची भांडणं व्हायची, ती रिकामीच राहिली.

“येक इचारायचं हुतं,” ते म्हणाले. “आता मला उजवीकडचं डावीकडचं काय कळत न्हाई. त्याचं काय न्हाई, ते मी डोक्यानं मांडतो. पन लाइव्ह रेकॉर्ड असती ना, सुई टेकली की पयला सूर यायच्या आधी तिथली मान्सं गप हुत्यात. खुर्च्या सरकायच्या थांबत्यात. कोन बोलत न्हाई. त्या गप होन्यासाठी मी लाइव्ह ऐकत हुतो. सरांना धुतल्यालं आवडायचं, मला ते आवडायचं.” ते थांबले. “आता तिथं बी हमिंगच. गप असं मला कुठंच ऱ्हायलं न्हाई. झोपताना न्हाई, नमाजात न्हाई.”

चाची दारात उभ्या होत्या, ट्रे हातात धरून.

“म्हनून इचारतो. तुमाला आत्ता काय येतंय का?”

खालच्या रस्त्यावर रविवारमुळं रहदारी नव्हती. पंखा बंद होता. मी नीट ऐकलं, खरंच सगळं ऐकलं, त्या काचेच्या खोलीत ऐकलं होतं तसं.

“नाही चाचा,” मी म्हटलं. “खोली शांत आहे.”

मग त्यांनी सरांकडं तोंड वळवलं, डावा कान पुढं करून. सरांनी डोळे मिटले नाहीत, मान तिरकी केली नाही.

“मलाही काही येत नाही,” सर म्हणाले.

“कायच न्हाई?”

“काहीच नाही.”

“मंग गप झाल्यात सगळी,” चाचा म्हणाले, आणि त्यांनी सुई टेकवली.